चार किलो चटणीचे पैसे

एप्रिलचा दुसरा आठवडा, म्हणजे माझ्या चटणीच्या, तिखट मसाल्याच्या धंद्याचा ऐन हंगाम. गडहिंग्लजहून आणलेली संकेश्वरी मिरची गच्चीवर वाळत होती, ब्याडगीची दोन पोती दारात होती. कोल्हापुरात मंगळवार पेठेतल्या डंकावर, म्हणजे मिरची कांडायच्या यंत्रावर, माझा नंबर सकाळी सहाचा. कांडपाचे पैसे द्यायला कोड स्कॅन केला, पिन टाकला, फेल. पुन्हा फेल. डंकवाले मामा म्हणाले, "वैनी, नेट नसंल. उद्या द्या की."

नेटचा काही संबंध नव्हता. दुपारी बँकेत गेले तर मॅडम म्हणाल्या, "तुमचं खातं फ्रीझ आहे. सायबरची तक्रार आहे." पोटात गोळाच आला. माझ्या मागं रांगेत गल्लीतलीच दोन माणसं उभी होती.

खात्यात १,८७,४०० रुपये. त्यातले निम्मे तर मिरची, खोबरं, तीळ घेतलेल्या दुकानदारांचे. आणि सगळे अडकले २,४०० रुपयांपायी. मार्चअखेरीस परराज्यातून एकानं फोनवर चार किलो चटणी मागवली. पैसे लगेच आले, मी पार्सल कुरिअरला दिलं. ते पैसे कुणालातरी फसवून काढलेले होते.

फसवणूक झालेला माणूस १९३० या हेल्पलाइनला फोन करतो किंवा सायबर क्राइमच्या राष्ट्रीय पोर्टलवर तक्रार टाकतो. मग पैसे कुठून कुठं गेले त्याची साखळी काढतात आणि त्यातल्या प्रत्येक बँकेला रक्कम रोखायला कळवतात. ही सोय हवीच. वेळेत फोन गेला तर एखाद्याची आयुष्याची पुंजी वाचते. पण त्या साखळीत चटणी विकणारी बाईसुद्धा सापडते. २,४०० रोखा, माझी हरकत नाही. बाकीचे एक लाख पंच्याऐंशी हजार कशासाठी? वादातल्या रकमेपुरतंच खातं रोखावं, असं केरळ उच्च न्यायालयानं २०२३ मध्ये सांगितलेलं आहे. वकिली शिकणाऱ्या माझ्या भाच्यानं तो निकाल काढून दिला, मी त्याची प्रत अर्जाला जोडली.

बँकेत पहिल्या दिवशी "पोलिसांशी तुम्हीच बोला" एवढंच उत्तर मिळालं. कुठल्या पोलिसांशी? तिसऱ्या दिवशी लेखी अर्ज दिला, पोच घेतली, तेव्हा कुठं तक्रारीचा क्रमांक, पोलीस ठाणं आणि तपास अधिकाऱ्यांचा ईमेल हातात आला. तुमच्यावर ही वेळ आली तर या तीन गोष्टी आधी मागा, त्याशिवाय गाडी हलत नाही. बँकेकडं लेखी तक्रारही करून ठेवा. तीस दिवसांत उत्तर आलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडं जाता येतं. आणि "पंधरा हजार द्या, खातं उघडून देतो" असं सांगणारा फोन आला तर ठेवून द्या. मला असे दोन आले.

चटणीचं बिल, व्हॉट्सॲपवरचं बोलणं, कुरिअरची पावती, उद्यम नोंदणी, सहा महिन्यांचं स्टेटमेंट, सगळं ईमेलनं पाठवलं. पाचव्या फोनला साहेब भेटले. "आप सच में मसाला बेचती हैं?" त्यांनी विचारलं. मी गच्चीवर जाऊन वाळत्या मिरचीचा फोटो काढला आणि तोही पाठवला.

दरम्यान घर चाललं ते आत्तींनी डब्यात साठवलेल्या नोटांवर. लक्ष्मीपुरीतल्या मिरचीवाल्यांकडं मान खाली घालून गेले होते. त्यांनी पोतं उचलून रिक्षात ठेवलं. "बारा वर्षं माल नेताय वैनी. पैसे कुठं पळून जात्यात?" त्या दिवशी रिक्षात बसून मी रडले. बँकेत आवरून धरलेलं सगळं तिथं बाहेर पडलं.

एकोणिसाव्या दिवशी पोलिसांचं पत्र बँकेला पोचलं आणि संध्याकाळी खातं सुटलं. २,४०० अजून होल्डवर आहेत. माझी चार किलो चटणी गेली ती गेली, पण ज्याचे ते पैसे आहेत त्याला ते परत मिळावेत असं मनापासून वाटतं. आता धंद्याचं खातं वेगळं काढलंय, आणि अनोळखी ऑर्डरचं बिल, पत्ता, पावती एका फाईलला लावते.

दुसऱ्या दिवशी सहाला डंकावर गेले आणि आधीची सगळी बाकी स्कॅन करून दिली. मामांच्या स्कॅनच्या डब्यातून पैसे मिळाल्याचा आवाज आला. मामांनी मान हलवली आणि माझी मिरचीची पाटी डंकात ओतली.