तुम्ही विचारलंत म्हणून : ती गाठींची नक्षी खरंच केल्टिक का?

आयर्लंडमध्ये, डब्लिनला येणारे आपले पाहुणे गाठींची नक्षी असलेलं चांदीचं एखादं पेंडंट हातात घेतात आणि हमखास विचारतात, "ही केल्टिक ना? म्हणजे अडीच हजार वर्षांपूर्वीची?"

तेवढी जुनी नाही. त्या काळी युरोपात राहणाऱ्या केल्ट लोकांच्या शैलीला 'ला तेन' म्हणतात. स्वित्झर्लंडमधल्या ज्या तळ्याकाठी १८५७ साली तशा वस्तू सापडल्या, त्या जागेचं हे नाव. तिच्यात वेलींसारखी वळणं आहेत, भोवरे आहेत, मधूनच चेहऱ्याचा भास होतो. आयर्लंडच्या गॉलवेतल्या टुरोच्या जुन्या कोरीव दगडावर ती वळणं बघा, गाठ एकही नाही. गाठी आल्या सातव्या शतकात, ख्रिस्ती मठांतल्या पोथ्यांबरोबर. भूमध्य समुद्राकाठच्या आणि जर्मानिक लोकांच्या नक्षीतून भिक्षूंनी त्या उचलल्या आणि आपल्या भोवऱ्यांशेजारी बसवल्या. साधारण ८०० सालच्या 'बुक ऑफ केल्स' या पोथीमध्ये दोन्ही नांदतात. (या गाठी आजही ठिपके मांडून शिकवतात. ठिपक्यांची रांगोळी येत असेल तर निम्मं काम झालंच.)

मग ती 'आयरिश ओळख' कधी झाली? एकोणिसाव्या शतकात, आणि तीही दुकानातून! १८५० मध्ये मीथच्या किनाऱ्यावर, बेटिसटाउनला, आठव्या शतकातला एक ब्रोच, म्हणजे कपड्याला लावायची शोभेची पिन, सापडला. नखाएवढ्या जागेत थक्क करणारी कारागिरी. डब्लिनच्या वॉटरहाउस या जवाहिऱ्याने तो घेतला आणि नाव दिलं 'टारा ब्रोच'. टारा म्हणजे जुन्या राजांची टेकडी, ब्रोचचा तिच्याशी काडीचा संबंध नाही. पण नाव खपलं. १८५१ च्या लंडनच्या महाप्रदर्शनात तो झळकला, प्रतिकृती घरोघरी गेल्या.

ती वर्षं आठवा. बटाट्याच्या दुष्काळात सुमारे दहा लाख माणसं मेली, तितकीच देश सोडून गेली. सर्वांत जास्त झळ आयरिश बोलणाऱ्या गरीब पश्चिमेला बसली. भाषा ओठांवरून जात असताना लोकांनी डोळ्यांना दिसणारं काहीतरी धरून ठेवलं, असं मला वाटतं. ब्रोच अंगावर मिरवायला व्याकरण लागत नाही. पुढे स्मशानांत केल्टिक क्रॉस उभे राहिले. १९२८ मध्ये गेलिक फुटबॉल या आयरिश खेळाचा सॅम मग्वायर चषक घडवला, तो बटाटे खणताना सापडलेल्या आर्डाच्या जुन्या चषकाच्या घाटावर. आता दरवर्षी डब्लिनच्या क्रोक पार्क मैदानात त्याची १९८८ मध्ये घडवलेली प्रतिकृती उंचावली जाते, तेव्हा तिलाही नकली म्हणायची माझी तरी छाती नाही.

तेव्हा पेंडंट खुशाल घ्या. त्याच फळीवरचा तिहेरी भोवरा मात्र न्यूग्रेंजच्या थडग्यातला, पाच हजार वर्षांपूर्वीचा. तेव्हा केल्ट म्हणावं असं इथे कुणीच नव्हतं. दुकानदार 'अस्सल केल्टिक' म्हणून त्याचे जास्त पैसे मागायला लागला, तर बिनधास्त घासाघीस करा.