तुम्ही विचारलंत म्हणून: हो, फोटोत मी बारीकच आहे

सातवीतला तो फोटो पाहिला की सगळे हेच विचारतात, "अगं, तू कुठे जाड होतीस? मग स्वतःला जाडी का समजायचीस?" नणंदेने विचारलं, नवऱ्याने तर तीनदा. प्रेमाने विचारता, कळतं. तरी एकदाचं सांगून टाकते.

त्या वर्षी शाळेत वजनं घेतली. हॉलमध्ये काटा, हजेरीच्या क्रमाने रांग. सर आकडा मोठ्याने सांगायचे, मॉनिटर वहीत लिहायची. माझ्या आधीची चौतीस. मी त्रेचाळीस. मुलांच्या रांगेतून आवाज आला, "गोणी!" उंचीचाही रकाना होता, पण माझे १५२ सेंटिमीटर सरांनी हळू आवाजात सांगितले. माझ्यानंतरची एकोणसाठ. सगळा हॉल खिदळला. सगळ्यांत मोठ्याने मी हसले, कारण आता माझं त्रेचाळीस कुणाच्या लक्षात राहणार नव्हतं. ती उतरली, चपला घालायला वाकली आणि बराच वेळ वाकलेलीच राहिली.

"तू कुठे जाड होतीस" असं म्हणता ना, तेव्हा मला ती दिसते. ती खरंच जाड होती. मग तिला हसलेलं चाललं असतं का?

त्यानंतर माझा डबा अर्धा परत यायला लागला. तान्ह्या बाळाला 'छान बाळसं धरलंय' म्हणणारी आजी मला 'सुटलीस गं' म्हणायची. त्या वयात मुली मुलांच्या साधारण दोन वर्षं आधी वाढतात, अंग भरतं, हे तिला चार मुली वाढवून ठाऊक असणारच.

मुलीच्या डॉक्टरांकडे इंडियन अकॅडमी ऑफ पीडियाट्रिक्स या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचा वाढीचा २०१५चा तक्ता पाहिला. ५ ते १८ वर्षांच्या मुलामुलींचा. बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन किती ते सांगणारा आकडा. त्याची मोठ्यांची एकच ठरलेली मर्यादा मुलांना लागू होत नाही, वय आणि मुलगा-मुलगी पाहून रेषा ठरते. घरी येऊन हिशेब केला. माझा बीएमआय १८.६, जादा वजनाच्या रेषेखाली. झालं समाधान? छे. बारा वर्षांच्या मला दाखवला असता तर ती म्हणाली असती, तक्ताच चुकलाय. खरं सांगू, अजूनही अधूनमधून मला तिचंच पटतं.

परवा अकरा वर्षांची लेक आरशापुढे आडवी उभी होती, पोट आत ओढून. माझ्या तोंडून पटकन निघालं, "अगं, तू कुठे जाड आहेस?"

तिने पोट सोडलं नाही.