मोठ्या गाडीचा हट्ट

पुण्याला फोन केला की हल्ली एक प्रश्न ठरलेला असतो, 'तो सायबरट्रक पाहिलास का रे?' मी अमेरिकेत, टेक्सासमधल्या ऑस्टिनला राहतो आणि टेस्ला कंपनीचा हा इलेक्ट्रिक ट्रक इथल्याच कारखान्यात बनतो, त्यामुळे सिग्नलला शेजारी उभा राहिलेला नेहमी दिसतो. त्याचं इतकं कौतुक का होतं, हे मला अजूनही पटलेलं नाही.

२०१९ मध्ये तो जगाला दाखवला तेव्हा सुरुवातीची किंमत सांगितली होती ३९,९०० डॉलर, आणि सगळ्यात महाग मॉडेलची रेंज, म्हणजे एका चार्जमध्ये धावण्याचं अंतर, ५०० मैलांच्या वर. २०२३ च्या नोव्हेंबरअखेर पहिले ट्रक लोकांच्या हातात पडले तेव्हा ती किंमतही नव्हती आणि ती रेंजही नव्हती. दोन मोटरींच्या ट्रकला जवळपास ८० हजार डॉलर आणि रेंज ३४० मैल. मार्च २०२५ मध्ये ४६ हजारांवर ट्रक कंपनीला परत बोलवावे लागले, कारण बाहेरची स्टीलची पट्टी धावत्या गाडीतून सुटण्याचा धोका होता. तोवर विकलेले जवळजवळ सगळेच त्यात आले. लांबी ५.६८ मीटर, वजन तीन टनांच्या आसपास. जवळून पाहिलं तर दाराच्या पत्र्यावर बोटांचे ठसे उमटलेले दिसतात, आणि मागचा हौदा मी पाहतो तेव्हा बहुतेक वेळा रिकामाच असतो.

जनरल मोटर्सची इलेक्ट्रिक हमर तर चार टनांच्या वर जाते. तिची नुसती बॅटरी जवळपास तेराशे किलोची, म्हणजे आपल्या दोन नॅनोंच्या वजनाएवढी. २०० किलोवॅट-तासांहून मोठ्या त्या बॅटरीतून आपल्याकडच्या छोट्या इलेक्ट्रिक एमजी कॉमेटच्या अकरा बॅटऱ्या होतील. एवढं लिथियम आणि निकेल खणून काढायचं ते एका माणसाला कॉफी आणायला नेण्यासाठी? बरं, ट्रकचं खरं काम करायला जावं आणि मागे जड ट्रेलर जोडावा, तर या इलेक्ट्रिक ट्रकांची रेंज निम्म्यावर येते.

इथल्या गाड्या फुगण्यामागे हौसेइतकाच कायदाही आहे. चार चाकांमधलं क्षेत्रफळ जितकं मोठं, तितकी मायलेजची अट सैल. याची किंमत पायी चालणारे मोजतात. बॉनेट ४० इंचांहून उंच असेल तर अपघातात पादचारी दगावण्याची शक्यता बुटक्या, उतरत्या बॉनेटच्या गाडीपेक्षा सुमारे ४५ टक्क्यांनी जास्त असते, असं इथल्या विमा कंपन्यांच्या सुरक्षा संस्थेने २०२३ मध्ये मांडलं. माझी मुलगी अशा ट्रकपुढून रस्ता ओलांडते तेव्हा ड्रायव्हरला ती दिसतच नाही. मला या गोष्टीचा मनापासून राग येतो.

माझी आवडती गाडी शनिवारच्या शेतकरी बाजारात येते. जुना जपानी केई ट्रक, म्हणजे तिथल्या नियमांतल्या सगळ्यात छोट्या वर्गातला, सुझुकी कॅरी. लांबी ३.४ मीटर, रुंदी १.४८, इंजिन ६६० सीसी, सगळं जपानी नियमात बसवलेलं. पंचवीस वर्षं जुना झाला की तो अमेरिकेत आणता येतो, आणि टेक्सासने २०२४ पासून त्याची नोंदणीही सुरू केली. तिन्ही बाजूंचे फाळके खाली पडतात, हौदा कमरेच्याही खाली येतो आणि सत्तरीच्या शेतकरीणबाई टोमॅटोचे क्रेट एकट्याने उतरवून घेतात. आपल्या ओम्नीचा हा सख्खा भाऊ. मारुती ८०० सुद्धा याच घराण्यातली, जपानी अल्टोवरून घेतलेली.

छोट्या गाडीचं वेड आपल्याकडे जुनं आहे. इचलकरंजीच्या शंकरराव कुलकर्णींनी १९४९ पासून स्वतःच्या हिमतीवर 'मीरा' घडवली. तिला कारखाना मिळाला नाही, याची हळहळ मला आजही वाटते. नॅनोचं बरंचसं काम पिंपरीत झालं, आणि २०१८ मध्ये ती बंद पडली. 'स्वस्त' हा शिक्का बसला नसता तर तीन मीटरची ती गाडी आज इलेक्ट्रिक होऊन पेठांत फिरताना दिसली असती. आता पुण्यातल्याच वेव्ह कंपनीची 'इव्हा' आली आहे, छपरावर सोलर पॅनेल असलेली. ती चालावी असं मला फार वाटतं.

पण मागच्या सुट्टीत पुण्यात पाहिलं ते वेगळंच. सदाशिव पेठेत, जिथे दोन रिक्षा समोरासमोर आल्या तरी एकीला मागे जावं लागतं, तिथे साडेचार मीटरच्या एसयूव्ही शिरतात. पी-वन, पी-टूच्या, म्हणजे दिवसाआड बाजू बदलणाऱ्या पार्किंगच्या, पाट्यांखाली दोन गाड्यांच्या जागेत एकच उभी. फुटपाथवरून उतरून चालणाऱ्या आजी-आजोबांनी जायचं कुठून? चार मीटरच्या आतल्या छोट्या पेट्रोल गाड्यांवर सप्टेंबर २०२५ पासून १८ टक्के जीएसटी आणि मोठ्यांवर ४० टक्के, हे उत्तमच. इलेक्ट्रिकला मात्र आकार कोणताही असो, ५ टक्केच. इथे लांबी-वजनाचा टप्पा लावायलाच हवा. नाहीतर विजेच्या नावाखाली अमेरिकेचाच कित्ता आपण गिरवू.

आमचा दादा दिवाळीला नवी इलेक्ट्रिक गाडी घेतोय. त्याला सांगितलंय, शोरूममध्ये जाण्याआधी टेप घे आणि वाड्याच्या बोळाची रुंदी मोजून कागदावर लिहून ने.