टीटीएफ-टीसीएनक्यू: ओळी दिसल्या, आता त्या टिकवायच्या

टीटीएफ-टीसीएनक्यू म्हणजे टीटीएफ आणि टीसीएनक्यू या दोन सेंद्रिय रेणूंच्या वेगवेगळ्या ओळींचा, वीज वाहणारा क्रिस्टल. घोडबंदर रोडवरची वाहतूक थंडावल्यावर परवा रात्री घरच्या एसटीएमवर (धातूच्या अणकुचीदार टिपने पृष्ठभागावरचे रेणू टिपणाऱ्या सूक्ष्मदर्शकावर) त्याच्या एबी पृष्ठभागावरच्या, म्हणजे ए आणि बी अक्षांच्या प्रतलातल्या, ओळी स्वच्छ उमटल्या! टिप हलवणारा पिझो ग्राफाइटच्या जाळीतल्या 2.46 अँगस्ट्रॉमवर कॅलिब्रेट केलेला होता (एक अँगस्ट्रॉम म्हणजे मिलिमीटरचा एक कोटीवा भाग). टीसीएनक्यूच्या शेजारशेजारच्या ओळींतलं अंतर 12.3 अँगस्ट्रॉमच्या जवळ, आणि ओळीच्या दिशेने, म्हणजे बी-अक्षावर, रेणू साधारण 3.8 वर. टीसीएनक्यूचे तीन-तीन ठिपके सुटे ओळखता आले तेव्हा घरच्यांना उठवून दाखवलं.

पण छळणारा प्रश्न तोच: थोड्या वेळात चित्र मऊ पडतं आणि ओळींवर साय धरल्यासारखं होतं. टिप बदला, बायस (टिप आणि क्रिस्टलमधलं व्होल्टेज) 50 मिलीव्होल्टच्या खाली आणा, फरक शून्य. आपल्यापैकी बहुतेकांचा संशय ठाण्याच्या पावसाळी दमटपणावर. म्हणून बरणीत सिलिका जेल ठेवून स्कॅन घेतले, तरी साय आलीच.

आतापर्यंत क्रिस्टल सिल्व्हर पेस्टने (चांदीचे कण असलेल्या, वीज वाहणाऱ्या गोंदाने) चिकटवत होतो. मग त्याच बॅचमधली एक सुई, म्हणजे सुईसारखा क्रिस्टल, पेस्ट न लावता फॉस्फर ब्राँझच्या क्लिपखाली धरली. ओळी रात्रभर टिकल्या. खात्रीसाठी झाकणाखाली, क्रिस्टलपासून दूर, पेस्टचा एक थेंब ठेवला आणि चित्र पुन्हा गढूळ झालं. म्हणजे माझ्या मते पेस्टमधल्या सॉल्व्हंटची वाफ वरचा थर विरघळवते आणि रेणू तिथेच अस्ताव्यस्त बसतात. स्वस्त पेस्ट सुकल्यावरही बराच वेळ वास सोडते, ती या कामाला नकोच.

दमटपणा टाळायला नायट्रोजनची पेटी बांधायचा बेत होता, तो तूर्त बाजूला. पेस्टऐवजी पाण्यातलं कोलॉइडल ग्राफाइट (ग्राफाइटचे अगदी बारीक कण) मागवतोय, कारण हे क्रिस्टल पाण्यात विरघळत नाहीत. आणि हे लिहितानाच सुचलं: बी-अक्षावर कंडक्टिव्हिटी खोलीच्या तापमानाला शेकडो सीमेन्स प्रति सेंटीमीटर, आडवी त्याच्या कितीतरी पट कमी. टनेलिंगला, म्हणजे टिप आणि क्रिस्टलमधली फट ओलांडणाऱ्या प्रवाहाला, नॅनोअँपिअर पुरतो. मग अख्खी सुई चिकटवायची कशाला? एका टोकाला ठिपका पुरे, बाकीची सुई अभ्रकावर टेकवू. थरथरली तर दुसऱ्या टोकाला क्लिप.

चार्ज डेन्सिटी वेव्ह (इलेक्ट्रॉनांच्या घनतेतली लाट) दिसते का, असं विचारणाऱ्यांसाठी: ती 54 केल्विनच्या खाली गोठते, आपल्या बाल्कनीत नाही.

कोलॉइडल ग्राफाइट कोणी वापरलं असेल तर ते किती पातळ करता आणि किती वेळ सुकू देता, ते कळवा.