विठ्ठलापूरच्या वाटेवर मुरगळलेला घोटा

आषाढी एकादशीला आमची दिंडी गोव्यातल्या म्हापशाहून पहाटेच निघाली होती. अस्नोडा गेलं, डिचोली गेली, आता साखळीचं विठ्ठलापूर तेवढं उरलं. नुकतीच सर ओसरली होती. एका उतारावर चिऱ्यांच्या शेवाळलेल्या पायऱ्या लागल्या. टाळ वाजवताना लक्ष पायाकडे कुठलं! डावं पाऊल आत वळलं आणि 'कट्' असा आवाज मलाच ऐकू आला.

मागच्या मामी खोबरेल तेलाची बाटली काढून चोळायला सरसावल्या. नशीब, फिजिओथेरपी शिकलेली भाची दिंडीत होती. "मामा, कुणी चोळायचं नाही हं. आतून रक्त झिरपत असतं, चोळलं की सूज वाढते." तिने घोट्याच्या दोन्ही हाडांची टोकं नि मागची कड दाबली, पावलाच्या बाहेरच्या कडेचा उंचवटाही दाबला. "आता चार पावलं टाक बघू." लंगडत का होईना, टाकली. दुखत होतं ते हाडावर नाही, बाहेरच्या घोट्याच्या जरा पुढे, खाली. हाडावर दुखलं असतं किंवा चार पावलंही जमली नसती, तर तिने थेट एक्स-रेला धाडलं असतं.

बँडेज बांधता बांधता तिने हाताचा चिमटा करून दाखवला. नडगीचं हाड आणि त्याच्या बाहेरचं बारीक हाड मिळून हा चिमटा होतो. त्यात टॅलस नावाचं हाड बसतं. त्याला एकही स्नायू चिकटलेला नाही! ते पुढून रुंद, मागून अरुंद. उतरताना बोटं खाली झुकली की अरुंद भाग चिमट्यात येतो आणि सांधा सैल पडतो. त्यातून बाहेरचं हाड आतल्यापेक्षा खालपर्यंत येतं, म्हणून पाऊल बाहेरपेक्षा आतच सहज वळतं. आतल्या बाजूचा अस्थिबंध, म्हणजे हाडाला हाड बांधणारी पट्टी, रुंद नि दणकट, बाहेर तीन पट्ट्या. त्यातली पुढची सगळ्यात नाजूक, बहुतेक वेळा तीच आधी ताणते. माझीही तीच.

उरलेली वाट मी टेम्पोत, खिचडीच्या टोपाशेजारी, घडी घातलेल्या घोंगडीवर पाय उंच ठेवून काढली. वाळवंटी नदीकाठी उतरलो तेव्हा घोटा कोकमासारखा जांभळा झाला होता.

सूज उतरल्यावर भाचीने एका पायावर उभं राहायचा व्यायाम दिला. घोट्याचा तोल बिघडला की तो पुन्हा पुन्हा मुरगळतो म्हणे. सकाळी चहा उकळेपर्यंत ओट्याला बोट टेकून उभा राहतो. उजव्यावर ठीक. डाव्यावर दूध वर येण्याआधीच डुगडुगतो.