उतरत्या फ्लँजवर बोल्ट कसताना

चॅनेल (इंग्रजी C आकाराची पोलादी तुळई) किंवा जुन्या धाटणीच्या आय-बीमच्या (I आकाराच्या तुळईच्या) फ्लँजची, म्हणजे आडव्या पट्टीची, आतली बाजू उतरती असते. तिथे सरळ नट कसला की तो एकाच कडेवर टेकतो. बोल्टला ताणासोबत वाकही बसतो. टॉर्क रेंच (कसण्याचा जोर मोजणारा पाना) आकडा दाखवतो, पण पकड तेवढी नसते. पुढे कंपनांनी कड दबते आणि नट सैल पडतो किंवा बोल्ट डोक्याखाली तुटतो.

उतार 1:20 पेक्षा, म्हणजे साधारण 3 अंशांपेक्षा, जास्त असेल तर टेपर वॉशर, म्हणजे एका बाजूला जाड आणि दुसरीकडे पातळ असलेला वॉशर, हवाच. चॅनेलसाठी 8 टक्के उताराचा (डिन 434; डिन म्हणजे जर्मन मानक), आय-बीमसाठी 14 टक्के (डिन 435). यांची अदलाबदल करू नका, दिसायला दोन्ही चौकोनीच. वॉशरची जाड बाजू फ्लँजच्या पातळ कडेकडे ठेवा. आधी हाताने कसून वॉशर फिरला नाही ना ते पाहा, मग शक्यतो नट सपाट बाजूला ठेवून तोच फिरवा.

स्प्रिंग वॉशर हा यावरचा उपाय नव्हे, कितीही लोक वापरोत.

कोन नक्की नसेल तर गोलाकार बैठकीची वॉशरजोडी (डिन 6319) थोडा तिरकेपणा सांभाळते. ओबडधोबड कास्टिंगवर मात्र भोकाभोवती स्पॉट फेसिंगच करा, म्हणजे तेवढी जागा यंत्राने सपाट करून घ्या.