फिरतं वॉशिंग सेंटर: गनच्या आधी टाकी बघा

जळगाव जिल्ह्यात गाड्या धुण्याचा धंदा काढतो म्हटलं की लोक आधी पाण्याचं विचारतात, आणि ते रास्तच आहे. उन्हाळ्यात आमच्याकडच्या कितीतरी गावांत नळाला रोज पाणी येत नाही, यावल-रावेरकडे केळीपायी बोअर खोल खोल चालल्या आहेत. पाचोरा-भडगाव भागात मी गाडीवर टाकी आणि मशीन घेऊन फिरतो, तर प्रत्येक नव्या गल्लीत पहिला सवाल ठरलेला: "पानी कितलं लागस रे भो?"

याचं उत्तर मी हिशोबानं देतो. माझ्या मशीनमधून मिनिटाला साधारण ८ लिटर पाणी पडतं. गनचं बटण दाबलेलं असेल तेवढाच वेळ ते पडतं, सोडलं की मोटर आपोआप थांबते. एका कारला बटण दाबलेला वेळ पाच-सहा मिनिटांच्या वर जात नाही. म्हणजे ४० ते ५० लिटर. घरची बागेची नळी मिनिटाला १५ लिटर तरी सोडते आणि फडकं मारताना ती बाजूला वाहतच असते. दहा मिनिटांत १५० लिटर गटारात. हे एकदा समोर करून दाखवलं की पाण्यावरचा वाद संपतो.

मशीन कुठलं घ्यायचं यावर मी बराच घोळ घातला. आमच्या घरात फवारणीचा एचटीपी पंप होता. तीन पिस्टनचा, बेल्टवर चालणारा, पेट्रोल इंजिन जोडलेला. त्याचे वायसर-पॅकिंग कुठल्याही तालुक्याच्या गावी मिळतात, मिस्त्री डोळे झाकून खोलतो. मग नवीन कशाला, असं आबांचं म्हणणं. पण एचटीपीचं पाणी जास्त आणि जोर कमी. मिनिटाला २० लिटर धरले तर ५०० लिटरची टाकी २५ मिनिटांत कोरडी. गल्लीत हे परवडत नाही. म्हणून कॉलनीसाठी विजेवरचं १३० बार दाबाचं, २.२ किलोवॅट इंडक्शन (बिनब्रशच्या) मोटरचं, पितळी हेडाचं मशीन घेतलं. हलक्या घरगुती मशीनमध्ये ब्रशची मोटर असते. ती स्वस्त पडते, वजनालाही हलकी, पण दिवसभर राबवायच्या कामाची नाही.

एचटीपी मात्र मी काढून टाकला नाही. खळ्यावर ट्रॅक्टर, ट्रॉली, केळी वाहणारी पिकअप धुवायला तोच नेतो. जिथं पाणी तोलून वापरावं लागतं तिथं बहुधा विजेचा प्लग असतो, आणि जिथं प्लग नसतो तिथं विहीर असते. माझी दोन्ही मशिनं या एका गोष्टीवर उभी आहेत. जनरेटरचा विचार मी यामुळेच सोडला. इंडक्शन मोटर सुरू होताना चालू असतानाच्या पाचपट तरी करंट ओढते, त्यामुळे २.२ किलोवॅटच्या मोटरला निदान ५ केव्हीएचा जनरेटर धरावा लागतो. त्याचं वजन, पेट्रोल आणि आवाज, तिन्ही मला नको होते.

पैशाची बाजू थोडक्यात सांगतो. उद्यम नोंदणी ऑनलाइन आणि फुकट होते, आधार-पॅन लागतं, कुणाला पैसे देऊ नका. मुद्रा योजनेत ५० हजारांपर्यंतचं कर्ज 'शिशु' प्रकारात येतं, त्याला तारण नाही. बँकेला दुकानदाराचं कोटेशन हवं असतं, तेवढं आधी हातात ठेवा. लोडिंग गाडी माझी आधीपासून होती. तिची बॉडी कापायची नाही, हे पहिल्या दिवसापासून ठरवलं होतं. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे आरसीत लिहिलंय त्यापेक्षा वेगळा बदल गाडीत करता येत नाही. म्हणून टाक्या आणि मशीन एका लोखंडी फ्रेमवर बसवल्या. फ्रेम पट्ट्यांनी आवळतो, हवी तेव्हा उतरवतो.

आता टाकी. या धंद्यात उतरणारा प्रत्येक जण गन, नोझल, फोमची बाटली बघत बसतो. मी म्हणतो मशीनच्या मागं बघा, जिथून पाणी आत जातं तिथं. बिघाड तिथून सुरू होतात. जळगावला ज्या काकांकडून मशीन घेतलं त्यांनी बिल फाडताना एवढंच सांगितलं: "भाऊ, हिला हवा नको, कचरा नको, गरम पाणी नको. बाकी ही मरत नाही." माझी पुढची सगळी मांडणी या तीन 'नको'वर झाली.

हवा. मशीन टाकीतून पाणी ओढणार असेल तर ओढीची नळी तारेची, जाड हवी. साधी मऊ नळी ओढीनं चपटी होते, मोटर फिरते आणि पाणी येत नाही. टाकीचा तळ पंपापेक्षा वर राहील अशीच मी फ्रेम बनवून घेतली, म्हणजे पाणी आपल्या वजनानं उतरतं. प्रत्येक जोडाला टेफलॉन टेप आणि क्लॅम्प. सुईच्या टोकाएवढ्या फटीतून पाणी गळत नाही, पण हवा आत जाते आणि गनला धक्के बसायला लागतात. सुरू करताना गनच्या पुढची लान्स (नोझलची लांब नळी) काढून ठेवायची, बटण दाबून पाणी सलग, बुडबुडे नसलेलं येईपर्यंत वाट बघायची, मगच लान्स लावायची. कोरडा पंप चालवला तर आतले सील घासून जातात. केळीला मोटर चालवणाऱ्याला हे सांगावं लागत नाही, पंप हवा धरतो म्हणजे काय ते त्याला लहानपणापासून ठाऊक असतं.

कचरा. यावरचा उपाय आपल्या मुलखात आधीच शेतात उभा आहे. जैन इरिगेशनच्या गावात ठिबकचं सामान मिळायला काय तोटा! ठिबकला लावतात तो १२० मेशचा डिस्क फिल्टर मी ओढीच्या नळीवर बसवला. मशीनसोबत येणारी बोटभर जाळी बोअरच्या रेतीपुढं टिकत नाही. फिल्टर दोन दिवसांनी खोलून चकत्या ब्रशनं धुतो.

गरम पाणी. हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं, कारण पुण्या-मुंबईकडचे व्हिडिओ बघून ते कळत नाही. माझ्या मशीनच्या माहितीपत्रकात आत येणारं पाणी ४० अंशांच्या वर नको असं लिहिलंय. मे महिन्यात जळगाव-भुसावळला हवाच ४५ च्या घरात जाते. उन्हात उभ्या गाडीवरच्या टाकीतलं पाणी दुपारी हाताला चटका देतं. म्हणून टाक्या पांढऱ्या घेतल्या, त्यावर गोणपाट गुंडाळलं आणि ते ओलं ठेवतो. तरी एप्रिल-मेमध्ये काम सकाळी सहा ते साडेनऊ आणि संध्याकाळी साडेपाचनंतरच. मधल्या वेळेत फक्त आतली सफाई, व्हॅक्यूम आणि काचा.

ऊन गाडीलाही भोवतं. तापलेल्या बॉनेटवर शाम्पूचा फेस बघता बघता वाळतो आणि ओघळ उमटतात. आपलं बोअरचं पाणी जड. माझ्याकडच्या मीटरवर गल्लीतल्या बोअरचा टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) हजाराच्या आसपास दाखवतो. असं पाणी काळ्या गाडीवर वाळलं की पांढरे ठिपके धरतं आणि मग गिऱ्हाईक म्हणतं, धुण्याआधीच बरी होती. म्हणून मी ५०० लिटरची एक टाकी न घेता अडीचशेच्या दोन बुटक्या टाक्या घेतल्या. एकीत जड पाणी, चिखल काढायला आणि फेसाला. दुसरीत हलकं पाणी, फक्त शेवटच्या धुण्याला. एका कारला ते दहा लिटर पुरतं. हे हलकं पाणी मामांच्या शेतातल्या विहिरीचं आहे. गिरणेच्या जामदा कालव्याचा पाझर तिला आहे आणि तिचा टीडीएस तीनशेच्या आत राहतो. नळाचं पाणी मी गाडीला घालत नाही. घरी माणसं हंडे भरून ठेवत असताना ते मला करवत नाही. दोन टाक्यांमध्ये एक व्हॉल्व्ह आहे, तो फिरवला की पाणी बदलतं. शिवाय अर्धी भरलेली मोठी टाकी वळणावर हेलकावे खाते, गाडी ओढली जाते. दोन टाक्यांत तो त्रास बराच कमी होतो.

उन्हाळ्यात फेस एका वेळी एकाच बाजूला मारतो. टप, मग डावी बाजू, ती पुसली की उजवी. चाकं सगळ्यात आधी, म्हणजे त्यांची घाण धुतलेल्या दारावर उडत नाही. शाम्पू गाडीचाच, कपड्याची पावडर कधीच नाही. ती क्षारीय असते, पॉलिश उतरवते. दोन बादल्या, एकीत शाम्पू आणि दुसरीत हातमोजा खंगाळायला. रेतीचा एक कण मोज्यात राहिला तर रंगावर गोल ओरखडे उमटतात आणि ते उन्हात लांबून दिसतात.

पावसाळ्यात काम वेगळं. आपली काळी माती पाणी पिऊन फुगते, चिकटते, वाळली की दगड होते. वाळलेल्या मातीवर थेट जोराचा फवारा मारणारे बघितले की माझा जीव वर-खाली होतो. मातीच रंगावर घासली जाते आणि पाणी दुप्पट जातं. ही माती साबुदाण्यासारखी आधी भिजवावी लागते. मडगार्डच्या आत, पाट्यांवर, चाकांच्या कडेला हलक्या हातानं पाणी मारून ठेवायचं, तोवर दुसरी गाडी घ्यायची. मग खालून वर फवारा दिला की ढेपळंच्या ढेपळं सुटतात. केळीच्या पिकअपला चिकाचे डाग असतात. ताजा चीक सुटतो, काळा पडलेला सहसा पूर्ण जात नाही. हे मी आधीच सांगतो, नंतर घासाघीस नको. ट्रॅक्टर धुतला की ग्रीस मारायलाच हवं, कारण जोराचं पाणी जोडांच्या फटीतून शिरून आतलं ग्रीस बाहेर ढकलतं. ते काम मी मजुरीत धरतो.

नोझलचे रंग लक्षात ठेवायला सोपे आहेत. लाल म्हणजे शून्य अंश, सरळ धार. पिवळा १५, हिरवा २५, पांढरा ४०. गाडीच्या रंगावर हिरवा किंवा पांढरा नोझल आणि हातभर अंतर. लाल नोझल मी डब्यातून बाहेरच काढत नाही. त्या धारेनं टायरची बाजू फाटते, रेडिएटरच्या पाती वाकतात, आणि माणसाच्या हातावर बसली तर पाणी कातडीखाली शिरतं. वरून जखम बारीक दिसते, पण ती थेट दवाखान्याची केस आहे. गल्लीतली पोरं भोवती जमतात, गन हातात द्या म्हणतात. द्यायची नाही.

विजेबद्दल वायरमन दादांनी माझ्याकडून करून घेतलेलं जसंच्या तसं सांगतो. मशीन चालताना ११-१२ अँपिअर ओढतं, म्हणून १६ अँपिअरचाच सॉकेट. पंख्या-टीव्हीच्या पिनमध्ये खुपसायचं नाही. ३० मीटरची वायर २.५ चौरस मिलिमीटरची, तांब्याची. दीडच्या वायरीत सुरू होताना चाळीसेक व्होल्ट वाटेतच पडतात. संध्याकाळी गावात आधीच १९० व्होल्ट असतील तर मोटर नुसती हूं करते आणि जळायला वेळ लागत नाही. रीळ पूर्ण उलगडायची, गुंडाळलेली वायर तापते. ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की वीज तोडणारा स्विच, माझ्या बोर्डवरच आहे, कारण समोरच्याच्या घरी अर्थिंग आहे की नाही हे आपल्याला दिसत नाही आणि आपण ओल्या पायांनी उभे असतो. त्याचं टेस्टचं बटण रोज सकाळी दाबून बघतो. लाइट गेली तर आधी मशीनचा स्विच बंद, मग बाकीचं.

घाण पाणी कुठं जातं, हेही बघावं लागतं. ऑइल-डिझेलचा चिकटा आधी चिंधीनं पुसून पोत्यात टाकतो. खळ्यावर विहिरीच्या काठाला किंवा नाल्याच्या तोंडाशी गाडी लावत नाही. मालक म्हणतो, इथंच लावा, पाणी जवळ आहे. मी म्हणतो, आप्पा, हेच पाणी उद्या गुरं पितील. मग तो स्वतःच जागा दाखवतो.

दर मी बाइकला ७० आणि कारला २५० ठेवलाय. ट्रॅक्टरचा चिखल बघून बोलायचं. आखाजीच्या (अक्षय तृतीयेच्या) सुमारास लग्नसराई असते, वरातीच्या गाड्या भल्या पहाटे धुवाव्या लागतात. खंडेनवमीला आणि दसऱ्याच्या सकाळी मात्र नवीन गिऱ्हाईक घेतच नाही. वर्षभर जे बोलावतात त्यांच्याच गाड्या पूजेआधी धुऊन होतात की नाही, याची घाई असते. त्या दिवसांत एका भावाला मदतीला घेतो, तो पुसतो आणि मी गन धरतो.

रोजचं काम संपलं की टाकीचा व्हॉल्व्ह बंद करून गनचं बटण दाबायचं, आतला दाब उतरवायचा, फोमच्या बाटलीतून साधं पाणी काढायचं, नाहीतर शाम्पू वाळून तिची जाळी बुजते. पंपाच्या काचेतून तेल बघायचं. तेल दुधाळ दिसलं तर पाणी आत शिरलंय, सील बदलायला आलं. सीलचा एक संच मी सीटखाली ठेवतो.